नेट तुटतं ते टीव्हीमुळेच, हे कशावरून?

वाचकाचा प्रश्न : आमच्या दिवाणखान्यात राउटर आणि सेट-टॉप बॉक्स टीव्हीखालच्या एकाच कपाटात आहेत. वडिलांना फार चालवत नाही, म्हणून त्यांच्या खोलीतल्या टीव्हीवर तेच चित्र दिसावं यासाठी बिनतारी व्हिडिओ सेंडर बसवलाय. ट्रान्समीटर दिवाणखान्यात, रिसीव्हर त्यांच्या खोलीत. काही महिन्यांपासून संध्याकाळी नेट वारंवार तुटतं आणि माझ्या ऑफिसच्या मीटिंगा अर्ध्यावर बंद पडतात. धाकटा भाऊ सगळा दोष सेंडरला देतो. त्याने एका संध्याकाळी वडिलांचा टीव्ही बंद ठेवायला लावला, तरी नेट दोनदा गेलंच. वैतागून आम्ही राउटर बंद करून पुन्हा चालू केला, तर दुसऱ्या दिवशी टीव्ही चालू असूनही रात्रीपर्यंत नेट उत्तम चाललं. कंपनीचा माणूस म्हणतो, लाइन साफ आहे. भावाचं म्हणणं, सेंडर काढा आणि नवा भारी राउटर आणि सिग्नल वाढवणारा एक्स्टेंडर घ्या. वडील रुसलेत. सेंडर काढून टाकावा का?

सल्ला : आज लगेच नको. सेंडर दोषी असू शकतो, पण तसं म्हणायला लागणारा पुरावा तुमच्याकडे अजून नाही, आणि तो निर्दोष आहे असं म्हणायलाही नाही. त्या संध्याकाळच्या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही, कारण बंद केला तो वडिलांचा टीव्ही. चित्र हवेत सोडणारं यंत्र दिवाणखान्यात आहे. पलीकडे कुणी पाहो न पाहो, त्याच्या अडॅप्टरला वीज मिळतेय तोवर ते प्रक्षेपण करत राहतं. सेट-टॉप बॉक्स रिमोटने झोपवला तरी बरेचसे जुने सेंडर कोरा पडदा का होईना, पाठवतच राहतात. रिसीव्हरच्या बाजूने जातो तो फक्त रिमोटचा संदेश, आणि तोही बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर. त्याचा वाय-फायशी संबंध नाही. म्हणजे ज्याच्यावर आळ आहे तो त्या संध्याकाळीही पूर्ण जोरात चालूच होता.

दुसऱ्या दिवशी नेट सुधारलं, याचंही साधं कारण असू शकतं. वाय-फायच्या चॅनेलची, म्हणजे हवेतल्या त्याच्या पट्ट्याची, निवड 'ऑटो'वर असेल तर बरेच राउटर सुरू होताना आसपासची हवा तपासून चॅनेल निवडतात. तुम्ही राउटर बंद-चालू केलात तेव्हा त्याला योगायोगाने मोकळी जागा सापडली असेल. तसं असेल तर गुन्हेगार जागेवरच होता, राउटर त्याच्या वाटेतून बाजूला झाला.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. सेंडर चोवीस तास चालू आहे, मग नेट फक्त संध्याकाळीच का जातं? सतत होणाऱ्या त्रासाचा परिणामही सतत दिसायला हवा. तो दिसत नसेल तर एकतर दोष दुसरीकडे आहे, किंवा सेंडरने हवेतली बरीचशी जागा आधीच खाल्ली आहे आणि संध्याकाळी शेजारपाजारची वाय-फाय जागी झाली की उरलेलीही संपते. ही दुसरी शक्यता बऱ्यापैकी खरी ठरते, आणि म्हणूनच अशा घरांमधले वाद मिटत नाहीत. दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर असतात.

म्हणून आधी एकच गोष्ट ठरवू : 'नेट गेलं' म्हणजे नक्की काय गेलं? कंपनीपासून राउटरपर्यंतची लाइन, खुद्द राउटर, की राउटर आणि तुमच्या लॅपटॉपमधली हवा, म्हणजे वाय-फायचा बिनतारी दुवा? पडद्यावर तिन्हींचं लक्षण सारखंच दिसतं, उपाय मात्र अगदी वेगळे.

लॅपटॉपवर कमांड लिहायच्या दोन काळ्या चौकटी उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा. पिंग म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नेटवर्क सेटिंगमध्ये 'डीफॉल्ट गेटवे' म्हणून दिसतो. दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरला. विंडोजमध्ये पिंग चारदा उत्तर घेऊन थांबतं. पत्त्याच्या शेवटी जागा सोडून उणे चिन्ह आणि टी हे अक्षर लिहिलं की ते सतत चालू राहतं. मॅक आणि लिनक्सवर ते आपोआपच चालू राहतं. दोन्ही चौकटी शेजारी ठेवून मीटिंगला बसा.

नेट अडकलं की लगेच तिकडे पाहा. राउटरचं उत्तर पूर्वीसारखंच १ ते १० मिलिसेकंदांत येतंय आणि ८.८.८.८ गप्प आहे, तर घरातली हवा ठीक आहे. दोष लाइनचा किंवा कंपनीचा. राउटरचंच उत्तर शेकड्यांत गेलं किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येऊ लागलं, तर गडबड हवेत किंवा राउटरमध्ये. मग लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून हेच पुन्हा करा. केबलवर व्यवस्थित आणि वाय-फायवर खराब, तर हवाच. केबलवरही राउटर गप्प बसतो, तर राउटर. दोन्ही चौकटींत उत्तरं येतायत पण वेबसाइट उघडत नाहीत, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडकली आहे. राउटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदलून पाहा.

त्याच वेळी राउटरच्या स्टेटस पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की राउटरची पानं उघडतात) 'अपटाइम' पाहून ठेवा, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे ते. नेट गेल्यावर तो आकडा पुन्हा शून्यापासून सुरू झाला असेल तर राउटर स्वतःच बंद पडून उठतोय. ते खापर सेंडरच्या रेडिओलहरींवर फोडू नका. तिथे थकलेला अडॅप्टर, सैल पिन किंवा उष्णता बघायची. बंद कपाटात सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राउटर तापणारच. तुमचा राउटर कपाटात आहे म्हणून मुद्दाम सांगतोय : त्याला आधी बाहेर काढा, टीव्हीच्या मागच्या धातूपासून लांब, कमरेच्या वर. याला खर्च नाही आणि हवेच्या तक्रारींपैकी काही एवढ्यावरच मिटतात.

आता समजा दोष हवेचाच निघाला. तुमचा सेंडर पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांचा, पाठीवर चार चॅनेलची सरकती कळ असलेला असेल, तर तो २.४ गिगाहर्ट्झचा जुना अॅनालॉग प्रकार असण्याची दाट शक्यता आहे. वाय-फायही याच पट्ट्यात चालतं. वाय-फायची उपकरणं बोलण्याआधी कानोसा घेतात. कुणी बोलत असेल तर थांबतात. अॅनालॉग सेंडर कानोसा घेत नाही आणि थांबतही नाही. त्याच्या पट्ट्यात अडकलेला राउटर 'हवा मोकळी होऊ दे' म्हणत वाट पाहत राहतो, किंवा बोललेलंच पुन्हा पुन्हा पाठवतो. आपल्याला ते 'सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या, पण नेट नाही' असं दिसतं. काड्या सिग्नलची ताकद सांगतात, हवेतला गोंगाट सांगत नाहीत.

अशा सेंडरच्या चार चॅनेलांच्या मध्यवारंवारता साधारणपणे २४१४, २४३२, २४५० आणि २४६८ मेगाहर्ट्झ असतात. वाय-फायचं चॅनेल १ असतं २४१२ वर, ६ असतं २४३७ वर, ११ असतं २४६२ वर, आणि प्रत्येक चॅनेल सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा घेतं. म्हणजे सेंडर पहिल्या चॅनेलवर असेल तर वाय-फायचं १ गेलं, दुसऱ्यावर असेल तर ६, चौथ्यावर असेल तर ११. तिसरं सगळ्यात वाईट, कारण ते ६ आणि ११ च्या मधोमध बसून दोघांच्याही कडा खातं. सेंडर ठेवायचाच असेल तर त्याला चौथ्यावर न्या आणि राउटर १ वर पक्का करा, किंवा सेंडर पहिल्यावर आणि राउटर ११ वर. कळ ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हींवर सारखी सरकवायला विसरू नका, नाहीतर वडिलांच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतील. राउटरची २.४ वरची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० वर ठेवलात तर या चॅनेलवाटणीला काही अर्थच उरत नाही. 'ऑटो' बंद करा.

एवढं करूनही ट्रान्समीटर राउटरला खेटून असेल तर फायदा अर्धाच. अगदी जवळचा जोरदार सिग्नल वेगळ्या चॅनेलवर असला तरी राउटरच्या रिसीव्हरला बधिर करतो. दोघांत किमान दोन-तीन मीटर अंतर हवं. एकाच कपाटात तर मुळीच नकोत.

मोबाइलवरचं वाय-फाय अॅनालायझर वापरून भाऊ म्हणेल, 'हे बघ, चॅनेल १ रिकामं आहे.' त्यावर विसंबू नका. ती अॅप वाय-फायची नावं ऐकून आलेख काढतात. अॅनालॉग सेंडर, मायक्रोवेव्ह यांना वाय-फायचं नाव नसतं, म्हणून ते त्या आलेखात दिसतच नाहीत. सेंडरने पूर्ण व्यापलेलं चॅनेल तिथे सगळ्यात स्वच्छ दिसू शकतं! शेजाऱ्यांची गर्दी मोजायला ही अॅप उपयोगी, सेंडरचा छडा लावायला नाहीत.

सेंडरची खरी चाचणी अशी घ्या. राउटरचं चॅनेल पक्कं करून ठेवा, लॅपटॉप एकाच जागी, राउटरला पिंग चालू. ट्रान्समीटरचा अडॅप्टर भिंतीतून काढा. रिमोटने बंद करणं मोजायचं नाही. १० मिनिटं बंद, १० मिनिटं चालू, असं पाच वेळा, आणि प्रत्येक फेरीत किती उत्तरं हुकली ते लिहा. सतत प्रक्षेपण करणाऱ्या यंत्राचा परिणाम वीज दिल्यावर काही सेकंदांतच दिसतो, त्यासाठी आठवडाभर वडिलांचा टीव्ही बंद ठेवायची गरज नाही. पाचही फेऱ्यांत चालू असताना उत्तरं हुकली आणि बंद असताना नाहीत, तर भावाचं म्हणणं खरं. फरकच नाही, तर सेंडर सुटला. ही फेरी एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी घ्या. फरक फक्त संध्याकाळीच दिसला तर वर म्हटलेली शेजाऱ्यांच्या गर्दीची जोड असणार.

तुमच्या राउटरला ५ गिगाहर्ट्झ हा वाय-फायचा दुसरा पट्टा असेल तर कामाचा लॅपटॉप तिकडेच न्या. २.४ वरच्या सेंडरचा प्रश्न तुमच्यापुरता तिथेच संपतो. दोन खाचखळगे मात्र आहेत. काही सेंडर ५.८ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांच्यासाठी राउटरवर १४९ ते १६५ ही चॅनेलं टाळून ३६ ते ४८ वापरा. आणि ५२ ते १४४ या चॅनेलांवर राउटरला रडारचा कानोसा घेणं बंधनकारक असतं. रडारसारखं काही ऐकू आलं की तो चॅनेल सोडतो, आणि नवं चॅनेलही त्याच पट्ट्यातलं असेल तर आधी किमान एक मिनिट ऐकत बसतो. घरातली सगळी ५ गिगाहर्ट्झची उपकरणं एकदम तुटून मिनिटाभराने परत येत असतील तर हेच बघा. ते टीव्हीच्या माथी मारलं जातं आणि कारण आकाशात असतं. राउटरच्या लॉगमध्ये 'रडार' किंवा 'डीएफएस' (रडार टाळून चॅनेल बदलण्याची सोय) असा शब्द सापडतो.

एचडीएमआयचे नवे बिनतारी संच वेगळे. काही ५ गिगाहर्ट्झवर चालतात, काही ६० वर. ६० गिगाहर्ट्झ तुमच्या वाय-फायच्या २.४ आणि ५ या पट्ट्यांपासून फार दूर आहे, त्यामुळे त्याच्यावर संशयच घेऊ नका. टीव्हीजवळचा आणखी एक छुपा त्रास म्हणजे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. तिच्या केबलमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून मांडलं होतं. डिस्क राउटरपासून किंवा स्ट्रीमिंग स्टिकपासून दूर नेऊन पाहा. ब्लूटूथ मात्र वारंवारता बदलत गर्दी टाळतं, त्याला उगाच पकडू नका.

दोष लाइनचा निघाला तर? तुमच्याकडे फायबर आहे की तांब्याची टेलिफोन लाइन, ते पत्रात नाही, म्हणून दोन्ही सांगतो.

फायबरमधून जातो तो प्रकाश. त्याला सेंडर, मायक्रोवेव्ह, टीव्ही यांपैकी कशाचंही सोयरसुतक नाही. नेट जाताना 'एलओएस'चा (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल होत असेल किंवा 'पॉन'चा (फायबर जोडणीचा) दिवा लुकलुकत असेल, तर केबल कुठे तरी दुमडली आहे किंवा कनेक्टर खराब आहे. टीव्हीमागच्या पसाऱ्यात हे सहज घडतं. कपाट भिंतीला ढकललं की पिवळी वायर मुरगळते. तिला ३ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका. राउटरच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसत असेल तर तो आकडा उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये हवा. उणे २६-२७ च्या काठावर असेल तर लाइन 'साफ' नाही, हे कंपनीच्या माणसाला आकड्यासकट सांगा.

तांब्याच्या लाइनवर मात्र गोष्ट रंजक होते. तिथे सेंडर खरोखर दोषी असू शकतो, पण त्याच्या रेडिओमुळे नव्हे, अडॅप्टरमुळे! एडीएसएल आणि व्हीडीएसएल हे टेलिफोनच्या तारेवरून नेट आणण्याचे दोन प्रकार. एडीएसएल (त्याचा २+ हा प्रकार) २.२ मेगाहर्ट्झपर्यंत चालतं आणि व्हीडीएसएल १७ किंवा ३० पर्यंत. जुना झालेला स्वस्त स्विचिंग अडॅप्टर नेमका त्याच भागात खरखर सोडतो आणि टेलिफोनची वायर ती अँटेनासारखी उचलते. मॉडेमच्या पानावर 'एसएनआर मार्जिन' पाहा, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलला किती सवड उरली आहे ते. एरवी ६ डेसिबलच्या आसपास असलेला आकडा संध्याकाळी १-२ वर उतरत असेल आणि सीआरसी चुका (बिघडून पोचलेल्या माहितीची मोजणी) भराभर वाढत असतील, तर असंच काही तरी आहे. छडा लावायला बॅटरीवरचा मध्यम लहरींचा रेडिओ घ्या. ६०० किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे कुठलंच केंद्र लागत नाही अशा जागी सुई ठेवा आणि एकेका अडॅप्टरजवळ न्या. वीतभर अंतरावर बहुतेक सगळेच गुणगुणतात. एक-दोन मीटरवरूनही कर्कश गुरगुर येत असेल आणि प्लग काढताच थांबत असेल, तर तो दोषी. तेवढ्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा, पिनेचं धन-ऋण तेच असलेला चांगला अडॅप्टर लावा. सेंडर तसाच राहील. विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही व्हीडीएसएलला असाच त्रास देतात. तेही काढून पाहा.

राउटरच गप्प बसत असेल आणि उष्णता, वीज दोन्ही ठीक असतील, तर टीव्हीशी जोडलेल्या यंत्रांचे पत्ते तपासा. कुणी टीव्ही बॉक्सला हाताने पक्का पत्ता देऊन ठेवला असेल आणि राउटरने तोच पत्ता तुमच्या लॅपटॉपला वाटला, तर दोघंही आळीपाळीने तुटतात. हे पत्ते वाटायच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. घरात राउटरशिवाय दुसरं एखादं यंत्र ते करत नाही ना, तेही बघा. ब्रॉडबँडवरूनच थेट वाहिन्या येत असतील तर राउटरमध्ये 'आयजीएमपी स्नूपिंग', म्हणजे वाहिनी ज्याने मागितली त्याच्याकडेच पाठवायची सोय, चालू असलं पाहिजे. नाहीतर त्या वाहिन्यांचा मल्टिकास्ट (एकदम अनेकांसाठी सोडलेला) प्रवाह वाय-फायवरही सोडला जातो, आणि तोही बहुधा सगळ्यात संथ वेगाने, त्यामुळे हवा तुंबते. राउटर आणि टीव्ही दोन्हींचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा. २०१८ च्या जानेवारीत फोनवरचं टीव्हीवर दाखवणाऱ्या गूगलच्या कास्ट सुविधेतल्या एका दोषामुळे झोपेतून जागी झालेली उपकरणं शोधसंदेशांचा एकदम भडिमार करायची आणि काही राउटर कोलमडायचे. अपडेट आल्यावर ते थांबलं.

आता खरेदीबद्दल. एक्स्टेंडर घेऊ नका. साधा एक्स्टेंडर त्याच चॅनेलवर ऐकलेलं पुन्हा बोलतो, म्हणजे आधीच गजबजलेल्या हवेत आणखी गर्दी, आणि त्याच्यामागे जोडलेल्यांचा वेग सुमारे निम्मा. भारी राउटर सेंडरच्या समोर तेवढाच हतबल असतो. तुमच्या राउटरला ५ गिगाहर्ट्झच नसेल तरच नवा घेण्यात अर्थ आहे. मीटिंगसाठी सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे तुमच्या टेबलापर्यंत एक कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि वर लिहिलेल्या हवेच्या सगळ्या कटकटी तुमच्यापुरत्या मिटतात.

आणि सेंडर दोषी ठरला तरी वडिलांचा टीव्ही जायला नको. चॅनेल आणि अंतर बदलून भागलं नाही तर त्यांच्या खोलीत दुसरा सेट-टॉप बॉक्स हा सगळ्यात सरळ मार्ग, कारण त्यात त्यांना स्वतःची वाहिनीही निवडता येईल. आत्ता त्यांना दिवाणखान्यात जे लागलंय तेच पाहावं लागतं. दुसरा बॉक्स शक्य नसेल तर कॅट ६ केबलवरून एचडीएमआय नेणारा संच घ्या, रिमोटचा इन्फ्रारेड संदेश परत आणणारा. नुसती लांबलचक एचडीएमआय केबल १०-१५ मीटरच्या पुढे बेभरवशाची होते. त्यांच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर चालणारी स्ट्रीमिंग स्टिक हा तिसरा पर्याय, पण नवा रिमोट आणि नवी मांडणी त्यांना रुचेल का, हे आधी त्यांनाच विचारा. चाचणीच्या वेळी सेंडर १०-१० मिनिटं बंद ठेवायचाय, हेही त्यांना आधी सांगा आणि त्यांच्या आवडीच्या कार्यक्रमाची वेळ टाळा.

कंपनीकडे पुन्हा तक्रार करायची झाली तर 'संध्याकाळी नेट जातं' एवढंच सांगू नका. तीन संध्याकाळींची नोंद द्या : तारीख, वेळ, किती मिनिटं गेलं, दिव्यांचा रंग, अपटाइम बदलला का, लॅपटॉप केबलवर असताना राउटरला आणि ८.८.८.८ ला आलेली उत्तरं, आणि आरएक्स पॉवर किंवा एसएनआर मार्जिनचा त्या वेळचा आकडा. कंपनीचा माणूस दुपारी येऊन लाइन तपासणार असेल, तर त्याला संध्याकाळची वेळ मागून घ्या.